दोन महिन्यांची मुदत

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत बाबुराव मर्चंडेला सगळे ‘न्यायमंत्री’ म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं. खरं तर तो होता दफ्तरी. केंद्र सरकारच्या कायदा आणि न्याय खात्याची एक शाखा कचेरी मुंबईत होती, चर्चगेटच्या बाजूला. तिथं आलेले कागद तारखेवार लावायचे, भोकं पाडून दोऱ्यात ओवायचे, फाइलीला पुठ्ठा घालून नंबर टाकायचा आणि ज्या साहेबाची त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची, एवढंच त्याचं काम. पण ते काम तो असं करायचा, की साहेबानं डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे तो कागद मिळावा.

ही नोकरी लागली तेव्हा त्याचा बाप भागोजी चाळभर साखर वाटत फिरला होता. भागोजीचा जन्म गिरणीच्या सूत कातायच्या रिंग खात्यात गेला. कापड विणायच्या साचे खात्यात पगार बरा होता, पण तिथं धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि भागोजीच्या तोंडचा दोरा बाकीच्यांना चालत नसे. अशा माणसाचा पोरगा कायदा खात्यात लागला. “बाबासाहेब ह्या खात्याचे पहिले मंत्री,” भागोजी भेटेल त्याला सांगायचा. “आणि मनाविरुद्ध वागायची पाळी आली तेव्हा खुर्ची सोडून उठले. खुर्ची सोडली, पण चुकीच्या कागदाला हात नाही लावला. ध्यानात ठेव, बाबू.”

बाबूनं ध्यानात ठेवलं. कचेरीतली टाचणी कधी घरी आणली नाही.

त्याचा धाकटा भाऊ रामजी बाप वारल्यावर त्याच्या जागी रिंग खात्यात लागला होता. दोन भाऊ, दोघांच्या बायका चंपा आणि कौसल्या, आणि बाबुरावच्या दोन मुली अशी सहा माणसं एका खोलीत राहायची. रामजी बोलका, तापट आणि भावावर जीव टाकणारा. बाबुराव संध्याकाळी आला की हाच आधी विचारायचा, “काय न्यायमंत्री, आज किती लोकांना न्याय दिला?”

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. रामजी पहिल्या दिवसापासून संपात होता आणि शेवटपर्यंत राहिला. शेवट कधी झाला हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हतं. चार महिने तो खेडला सासुरवाडीत जाऊन राहिला, परत आला, भाजीची हातगाडी लावली, पालिकेनं ती उचलून नेली. पुढल्या वर्षी सरकारनं काही गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यात रामजीची गिरणीही आली. लोक पुन्हा गेटवर जमले. आतून नावं पुकारत आणि ज्याचं नाव येई तो आत जाई. रामजीचं नाव सात महिन्यांत एकदाही आलं नाही. आठव्या महिन्यात पत्र आलं, की तुम्ही न कळवता गैरहजर राहिलात, म्हणून तुम्हाला कमी केलं आहे.

“सरकारची गिरणी म्हणजे तुझ्याच साहेबांची झाली ना रे दादा?” रामजीनं विचारलं. “बोल की कुणाशी.”

त्या दिवशी शेजारच्या कुशाबासकट चार-पाच जण गॅलरीत बसले होते. बाबुरावनं त्यांना नीट समजावून सांगितलं, की दिल्लीत त्याच्या खात्याचे तीन भाग आहेत. एक नवे कायदे लिहून काढतो. दुसरा सरकारला सल्ला देतो आणि कोर्टात सरकारच्या बाजूनं वकील उभे करतो. मुंबईची कचेरी ती ह्या दुसऱ्याची. आणि तिसरा न्यायाधीशांच्या नेमणुकीचे कागद बघतो.

कुशाबानं विडी विझवली. “आणि आपल्या बाजूनं भांडणारा भाग कुठला?”

“त्याच्यासाठी कोर्ट आहे,” बाबुराव म्हणाला. “कोर्टात जा. कायदा तुमच्या बाजूचा आहे.”

रामजी त्याच्या शब्दावर लेबर कोर्टात गेला. अर्ज बाबुरावनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. रामजीसारखे आणखी तीनशे जण होते, पण बहुतेकांनी नाद सोडून दिला होता. ह्याच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. जवळजवळ चार वर्षं तारखा पडल्या. रामजी वडाळ्याला मालधक्क्यावर गोणी उचलायला जाऊ लागला. कौसल्या डबे पोचवायची. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत निकाल लागला: चौकशी न करता काढलं, ते बेकायदा, दोन महिन्यांच्या आत कामावर परत घ्या.

त्या दिवशी रामजीनं भावाला गॅलरीत उचलून गरगर फिरवलं. “न्यायमंत्री, मानलं तुला!” तो ओरडत होता. कौसल्यानं ट्रंकेतून त्याचा गिरणीचा पास काढून पदरानं पुसला.

पाच आठवडे झाले. गिरणीकडून निरोप नव्हता, पण मुदत दोन महिन्यांची होती, म्हणून कोणी काळजी केली नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कचेरीत टपालाचा गठ्ठा आला. बाबुराव नेहमीसारखा कागद लावत बसला. एका कागदावर त्याला बापाचं नाव दिसलं. आधी वाटलं, भागोजी नावाची माणसं काय थोडी असतात? मग पूर्ण ओळ वाचली: रामजी भागोजी मर्चंडे, रिंग खाते. गिरणी विचारत होती, की ह्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जावं का. जायचं तर वकील नेमून द्यावा आणि मुदत संपण्याआधी स्थगिती मिळवावी. मुदतीला एकवीस दिवस उरले होते.

हातातली सुई तशीच ठेवून तो उठला आणि चिंतामणी केळशीकर साहेबांच्या केबिनमध्ये गेला. केळशीकर सज्जन माणूस, कुणावर आवाज चढवत नसे.

“साहेब, ही केस माझ्या सख्ख्या भावाची आहे.”

केळशीकरांनी चष्मा काढला. “बरं झालं सांगितलंत. मग ही फाइल तुम्ही हाताळू नका. सुमेधाबाईंकडे द्या.”

“साहेब, पण... निकाल बरोबर आहे. त्याला खरंच नोटीस नव्हती आली.”

“असेल बरोबर. मी नाही म्हणत नाही.” साहेबांनी चष्मा पुसून परत घातला. “बाबुराव, हा एक आत गेला की मागून तीनशे येतील. गिरणीत तेवढं कामच उरलेलं नाही. मला सरकारची बाजू सांभाळायला बसवलंय. तुमच्या भावाला त्याचा वकील आहेच की. दोघं भांडतील, जज्ज ठरवतील. असंच असतं हे.”

बाबुरावनं मान हलवली. त्याला ते पटलं, हेच त्याचं पुढं दुःख झालं.

सुमेधा आवक-जावक सांभाळायची. गिरगावातल्या फणसवाडीची, बाबुरावहून दहा वर्षांनी लहान, पण कचेरी तिला तळहातासारखी माहीत. तिनं फाइल घेतली, वरची चिठ्ठी वाचली आणि खुर्ची ओढून त्याला बसायला सांगितलं.

“बाबुराव, ही साहेबांकडून सही होऊन परत माझ्याकडेच येणार ना? वकिलांकडे पाठवायला?”

“हो.”

“मग ऐका. वकिलांकडे जाणारा गठ्ठा मोठा असतो. त्यातनं एखादी फाइल निसटून दुसऱ्या गठ्ठ्यात गेली, तर तीन आठवडे कुणाला कळणार नाही. तेवढ्यात मुदत संपते. गिरणीला घ्यावंच लागेल त्याला. आणि एकदा हजेरीवर नाव लागलं, की मग कोर्टसुद्धा सहजासहजी काढू देत नाही.” तिनं आवाज आणखी खाली घेतला. “मेमो आलाच तर मला येईल. मी बघून घेईन. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा.”

बाबुराव बराच वेळ तिच्या टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिला. एका शब्दाचं काम होतं. त्याच्या डोळ्यांसमोर रामजी आला, मालधक्क्यावरून येताना एका हातानं कंबर धरून चालणारा. आणि बाप आला. साखर वाटणारा.

“नको बाई,” तो म्हणाला. “तुमच्या नोकरीला डाग नको. आणि आपली बाजू खरी आहे. हायकोर्टात पण तोच जिंकेल.”

“खरी आहे म्हणूनच म्हणते,” सुमेधा म्हणाली. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. फाइल वेळेवर गेली.

मुदतीला चार दिवस असताना स्टे मिळाला. रामजीच्या वकिलानं निरोप धाडला, की आता याचिका सुनावणीला येईपर्यंत गप्प बसायचं. रामजी खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. बाबुराव कचेरीतून आला, त्यानं पाय धुतले आणि भावाच्या शेजारी बसला. न सांगता राहता आलं असतं. चंपानं नंतर हजारदा विचारलं, की कशाला बोललात? पण भावाशी खोटं वागून एका ताटात जेवायचं त्याला जमेना. त्यानं सगळं सांगितलं. फाइल आली तेही, साहेब काय म्हणाले तेही आणि सुमेधाबाईंनी काय सुचवलं तेही.

रामजी उंबऱ्यावरची माती नखानं उकरत ऐकत होता.

“म्हंजी तुझ्या हातात होतं?” त्यानं शेवटी विचारलं.

“होतं. पण ते बरोबर झालं नसतं, राम्या. बाबा काय सांगायचे...”

“बाबांना मधी आणू नको.” रामजी उठला. “ती बाई परकी. तिला वाटलं माझ्यासाठी काही करावं. तुला नाही वाटलं.”

तापट रामजी त्या दिवशी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. दोन महिने एकाच खोलीत राहून तो भावाशी एक शब्द बोलला नाही. जूनमध्ये वडाळ्याला मिठागराच्या कडेनं झोपड्या होत्या, तिथं त्यानं एक जागा धरली आणि कौसल्याला घेऊन गेला. जाताना त्यानं चंपाच्या पाया पडून निरोप घेतला. बाबुराव दाराशीच उभा होता. रामजी त्याच्या बाजूनं ट्रंक घेऊन गेला, खांद्याला खांदा घासला, तरी वर बघितलं नाही.

याचिका बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या सुनावणीच्या यादीत, आली नाही. वर्षातून एखाद्या वेळी बाबुराव जेवणाच्या सुट्टीत हायकोर्टात जाऊन नंबर बघून यायचा. कधी जज्ज बदललेले असत, कधी सरकारी वकील. कचेरीत दुसऱ्यांच्या फाइलींना पुठ्ठे घालताना त्याचा हात पूर्वीसारखाच नेटका चालायचा, पण आता तो कागद वाचत नसे. नावाच्या ओळीवर बोट ठेवून डोळे दुसरीकडे करायचा. चाळीत कोणी सल्ला विचारायला आलं तर म्हणायचा, “मला त्यातलं काही कळत नाही, मी फक्त कागद शिवतो.” न्यायमंत्री म्हणायचं लोकांनी आपोआप सोडलं.

पंच्याण्णव साली रामजी गेला. छातीचा आजार जुनाच होता, त्यात गोणी. केईएमच्या वॉर्डात बाबुराव दोनदा गेला, दोन्ही वेळा रामजीनं भिंतीकडे तोंड केलं.

दोन हजार दोनमध्ये याचिका सुनावणीला आली. बाबुरावला रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. दोन्ही वकील नवे होते, दोघांनीही रामजीला कधी पाहिलं नव्हतं. एकानं सांगितलं, की कामगार मयत आहे. दुसऱ्यानं सांगितलं, की गिरणी बंद झाली आहे. मग ह्या याचिकेत ठरवण्यासारखं काही उरलं नाही, असं म्हणून कोर्टानं ती निकालात काढली. बाबुराव चष्मा डोळ्यांवर चढवतोय, तोवर पुढच्या प्रकरणाचं नाव पुकारलं गेलं.

नक्कल काढून तो वडाळ्याला गेला. कौसल्या दारात सुपात सुकं कोलीम निवडत बसली होती. तिनं त्याला बसायला पाट दिला. कागद हातात घेतला नाही.

“कोण जिंकलं, भावजी?”

“कोणी नाही.”

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “ते गेले तेव्हा खांदा द्यायला तुम्ही पुढं झालात. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, दादाला खांदा देऊ देऊ नको म्हणून. मी अडवलं नाही. कोण अडवणार तेव्हा.”

बाबुरावनं कागद पाटाच्या कडेला ठेवला. “माझी चूक झाली असं म्हणायचा का तो?”

“नाही.” कौसल्यानं सूप झटकलं. “म्हणायचे, दादानं चूक नाही केली. पण माझ्यासाठी एकदा तरी करायला पाहिजे होती.”

तिनं चहाचं विचारलं नाही आणि तो थांबलाही नाही. कागद त्यानं पाटावरच ठेवला होता, तो घडी करून परत खिशात घातला, कारण दारातल्या ओलीनं तो भिजला असता. मालधक्क्याच्या भिंतीकडेनं चालत तो स्टॉपवर आला. डिलाईल रोडकडे जाणारी बस आली, थांबली. उतरणारे उतरले, चढणारे चढले. बाबुराव तिथंच उभा राहिला. घरी गेल्यावर चंपा विचारणार होती, काय झालं, आणि तिला काय सांगायचं हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.