कुजबुजीतली रशियन

शंभर वर्षांपूर्वी रशियन शेतकऱ्यांनी वसवलेल्या उरुग्वे नदीकाठच्या त्या गावात सूर्यफुलाची शेतं अजून रशियन आडनावांनी ओळखली जातात, पण रशियन बोलणारी तोंडं मोजकीच उरली. त्यातलं सगळ्यात मोठं तोंड लीदिया शेवत्सोवाचं. शाळा चौथीपर्यंत, हयात मांसाच्या कारखान्यात गेलेली, तरी दर शनिवारी बाई पोरांना रशियन शिकवायला हजर. "आता कशाला ते?" असं कुणी म्हटलं की अंगावरच जायची.

यंदा तिच्याकडे वार्या आली, एकोणीस वर्षांची. लहानपणी आजी फ्योक्लानेच तिला वाढवलं, रशियनमध्ये. मग आईने शहरात नेलं आणि तिथल्या स्पॅनिशने सगळं पुसून टाकलं. आता आजीला पक्षाघाताचा झटका आला होता. तिची स्पॅनिश पार गेली, फक्त रशियन उरली, कानही गेल्यात जमा. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"मावशी, मी आलेय एवढं तिला कळू दे," वार्या म्हणाली.

शब्द भराभर परतले. पीठ, बादली, हंस. पण सगळे कुजबुजत.

"मोठ्याने बोल की! चोरी केलीयस का?"

"मोठ्याने येतच नाही मला. आजी अशीच बोलायची."

लीदियाला कारण ठाऊक होतं. लष्कराच्या राजवटीत फ्योक्लाच्या नवऱ्याला रशियन बोलतो म्हणून उचलून नेलं होतं. परत आली ती शवपेटी. तेव्हापासून फ्योक्ला खिडक्या लावून कुजबुजत राहिली, आणि पोर ती कुजबुजच भाषा समजून शिकली.

लीदियाने तिला नदीवर नेलं. "पलीकडे अर्जेंटिना आहे. तिथे ऐकू गेलं पाहिजे. ओरड!" वार्या हसली, मग रडली, मग ओरडली.

रविवारी दोघी फ्योक्लाच्या घरी गेल्या. उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी होती. वार्या खाटेवर वाकली आणि रशियनमध्ये ओरडली, "आजी, मी वार्या! आलेय मी!"

आजीला ऐकू आलं. पण तिची नजर आधी खिडकीकडे गेली. हात तिने नातीच्या तोंडावर दाबला. "हळू गं पोरी! घेऊन जातील तुला."

लीदियाच्या जिभेवर त्या वर्दीवाल्यांसाठी शिवी आली. खिडक्या उघडा म्हणून जन्मभर भांडलेली ही बाई. तिने शिवी गिळली, उठली आणि स्वतःच्या हाताने खिडकी लावली. पडदाही ओढला.

मग कुठे आजीचा हात सुटला. "कधी आलीस, वार्या?" तिने हळूच विचारलं.

वार्या कुजबुजत सांगत राहिली. आजीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती नुसती तिच्या ओठांकडे बघत मान हलवत होती.