गुळाची परात

‘पावणं, मास्क घाला आधी. मालकांच्या जवळ जायचं हाय.’

मंडपातल्या एका कार्यकर्त्यानं मला असं दटावलं. मास्क हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. मी उचलून घातला. आम्ही टीबीचे नऊ पेशंट स्टेजवर रांगेत उभे होतो. माईकवरून एकेकाचं नाव, गाव आणि रोग पुकारत होते. समोर माझ्याच पेठ वडगावची माणसं बसलेली. माझं नाव ऐकून शेजारच्या काकींनी नाकाला पदर लावला. लाज वाटली. चोरी करताना सापडल्यासारखी.

पोषणाची पिशवी वाटायला आले होते आमच्याच फाउंड्रीचे मालक. तिथं मी अकरा वर्षं फेटलिंगला होतो. टीबी निघाल्यावर घरी बसवलं. फेटलिंग म्हणजे ओतलेल्या लोखंडावरची वाळू ग्राइंडरनं घासून काढायची. ती पिठासारखी उडते. पापण्यांवर बसते, डब्यातल्या भाकरीवर बसते. अकरा वर्षांत मास्क कधी मिळाला नाही. तोंडाला ओला टॉवेल बांधायचो. पहिला मास्क मिळाला तो या स्टेजवर. माझ्यापासून मालकांना वाचवायला.

गूळ मात्र रोज मिळाला. शिफ्ट सुटली की सुपरवायझर दारात परात घेऊन उभा. ‘खावा. गूळ धूळ खाली वडतोय.’ आम्ही गुळाच्या मुलखातली माणसं. गुळावर संशय कोण घेणार? माझी बायको तिथंच वाळूचे साचे करायची. तिला खोकला येतो म्हणून मी माझ्यातला अर्धा खडा तिला द्यायचो. प्रेमानं द्यायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला. ‘टीबी गोळ्यांनी बरा होईल. पण ही वाळूची धूळ छातीत बसलीय, ती निघत नाही.’ मी गुळाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. ‘गूळ पोटात जातो मामा, धूळ फुफ्फुसात जाते.’ एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत आम्हाला कुणी सांगितली नव्हती. की सांगायचीच नव्हती?

स्टेजवर माझा नंबर आला. मालकांनी हात लांब करून पिशवी धरली. फोटोवाला म्हणाला, ‘जरा हसा की!’ मास्कमधून हसू कुणाला दिसणार होतं? पिशवीत डाळ, शेंगदाणे आणि वर गुळाची ढेप. मालक माईकवर म्हणाले, ‘हा आमच्या घरातलाच माणूस. व्यसनं सोडा, चांगलं खा, बरे व्हा.’

मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही. बायकोचं काम याच माणसाच्या हातात होतं. गप्प बसलो असतो तर ते टिकलं असतं. तेवढ्यात खाली कुणीतरी खोकलं. एवढ्या गर्दीत मला तो खोकला ओळखू आला. तिचाच होता.

ढेप काढून मी टेबलावर ठेवली. म्हणालो, ‘मालक, ह्यो गूळ ऱ्हाऊ द्या. आतल्या माणसांस्नी असला मास्क द्या. व्यसन मला कंदी नव्हतं. माझी छाती तुमच्या वाळूनं भरलीया.’

माईक बंद झाला. कुणी टाळी वाजवली नाही. परत चालू झाला तो पुढचं नाव पुकारायला.

सोमवारी बायकोला गेटवरून परत पाठवलं. त्याच आठवड्यात तिचा एक्स-रे काढला. माझ्यासारखाच निघाला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘गुळाच्या नादानं मी दवाखान्यात गेलेच न्हाय की वो.’

फाउंड्री चालूच आहे. परातही. माझ्या जागी दुसरा माणूस लागला. आम्ही दोघं धड होणार नाही, हे मला कळतं. चार पायऱ्या चढवत नाहीत, बोलताना वाक्य तुटतं. तरी शिफ्ट सुटताना मी रोज गेटासमोर रस्त्याच्या कडेला दोघांचे एक्स-रे हातात धरून उभा राहतो. सुपरवायझर शिव्या घालतो. बहुतेक जण गूळ चघळत, मान खाली घालून निघून जातात. मी एकच सांगतो, ‘गूळ खावा न्हायतर टाका, पर छातीचा फोटू काढा.’

मी पडलो की त्या जागेवर ती उभी राहणार आहे. आमचं तसं ठरलंय.