तिसऱ्यातून दुसऱ्यात

माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. हुद्दा सिपाही, काम ड्रायव्हर. पहाटे साडेचारला उठायचं. पाचला तेल, पाणी, टायर. साडेपाचला फॉल-इन. सहाला कॉन्व्हॉय गेटबाहेर. खालून माल आणि माणसं घ्यायची, वर चौक्यांना पोचवायची. साठ किलोमीटरला सात तास लागत. शत्रू कधी दिसला नाही. वळणं मात्र रोज दिसली.

लोक मला बंदुकीबद्दल विचारतात. मी बंदूक फारशी चालवली नाही. गिअर चालवले. त्याबद्दल विचारा, तासभर बोलेन.

लासूर स्टेशनजवळ आमची शेती. घरच्या ट्रॅक्टरवर माझा हात बसलेला. ट्रॅक्टरचा गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा आणि नांगराचं तास संपेपर्यंत विसरून जायचा. एवढ्या भांडवलावर मी भरतीत 'ड्रायव्हिंग येतं, साहेब' म्हणून सांगितलं. ट्रेनिंगला जीप मिळाली. जीपचा दांडा आखूड, मनगट वळवलं की खटकन बसायचा. पंधरा दिवसांत माझी खात्री झाली की आपण जन्मजात ड्रायव्हर. मग थ्री-टन ट्रक हातात दिला.

त्या ट्रकचा गिअर असा नुसता टाकता यायचा नाही. आतली चक्रं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. नव्या गाड्यांत ती आपोआप जुळतात. आमच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरनं जुळवायची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अंदाजानं रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर. याला डबल क्लच म्हणतात. अंदाज चुकला की आतून जातं उलटं फिरवल्यासारखा आवाज येतो आणि दांडा हाताला झिडकारतो. पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी दांडा ओढला. स्टिअरिंगला हात उरला नाही. ट्रक थेट लंगरच्या चुलीपाशी जाऊन थांबला. कुकनं वर बघून विचारलं, "चाय यहीं लोगे?"

मला माणसात आणलं नाईक युसुफ यांनी. ते आमचे एम.टी. उस्ताद, म्हणजे गाडी शिकवणारे. घर खुद्द औरंगाबाद शहरात, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. एवढ्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला की नातंच लागतं. ते मला नावानं कधी बोलावत नसत. स्टेशनच्या नावानं बोलावत.

"क्या रे लासूर, आवाज आया?"

"आला, उस्ताद."

"गिअर ओरडला की समज, त्याला न विचारता घरात शिरलास. पैले विचार, मग आत जा. हौ?"

"व्हय, उस्ताद."

वर्षभरात मी न ओरडता गिअर टाकू लागलो. मग दोन महिन्यांची सुट्टी मिळाली.

घरी बहिणीचं लग्न होतं. दाजींच्या घरची नवी अ‍ॅम्बॅसेडर होती, स्टिअरिंगखाली गिअर असलेली. दोन बोटं लावली की गिअर पडायचा. क्लच एकदाच. आवाज नाही, भांडण नाही, ताकात रवी फिरावी तसं. मी पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं, दौलताबादच्या चढावर नेलं, विनाकारण लासूरच्या बाजारातूनही दोनदा फिरवलं. दाजी म्हणाले, "फौजी, लई मऊ हात हाय तुमचा." मी खरं मानलं. दोन महिन्यांत हात खरोखरच मऊ झाला होता, आणि ते मला कळलं नव्हतं.

परत निघताना उस्तादांच्या घरी गेलो. त्यांच्या अम्मींनी नानखटाईचा डबा दिला, अब्बांनी चिठ्ठी दिली. अब्बा निजामाच्या काळापासून बस चालवत आलेले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, त्यांचं स्टिअरिंग तेच राहिलं. चिठ्ठी देताना ते म्हणाले, "संभाल के चला रे बाबा, पहाड का रस्ता है."

आमच्या कंपनीचा एक नियम होता. सुट्टीवरून आलेल्या ड्रायव्हरनं कॉन्व्हॉयला लागण्याआधी लोड भरलेला ट्रक घेऊन गाड्यांच्या पार्कात दहा चकरा मारायच्या. पार्काच्या मागं एक खडा चढ होता. त्या चढावर दर चकरेला तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं. उस्ताद बघणार, मग वहीत सही.

मी परतलो त्या दिवशी दुपारी उस्ताद झाडाखाली डबा उघडून बसले. हातात अब्बांची चिठ्ठी. मी दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा गिअर ओरडला. तिसऱ्या वेळी मी चढावर गेलोच नाही. ट्रक वर्कशॉपच्या मागं उभा केला, एक विडी ओढली, आणि पाऊण तासानं आलो.

"झाल्या?"

"झाल्या."

"दहा?"

"दहा, उस्ताद."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सही केली आणि एक नानखटाई माझ्या हातावर ठेवली. पार्काच्या त्या टोकाला काय चाललंय हे झाडाखालून दिसत नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॉन्व्हॉय निघाला. आमचा ट्रक पाचवा. मागं अठरा जवान. माझ्या शेजारी को-ड्रायव्हर म्हणून उस्ताद, त्यांच्या पायाशी लाकडी ठोकळा. चढावर ट्रक थांबला की को-ड्रायव्हरनं उतरून मागच्या चाकाखाली ठोकळा लावायचा, ही तिथली रीत. रात्री पाऊस पडून गेला होता. रस्ता कच्चा.

"आज मी चालवू क्या?" उस्ताद म्हणाले.

"नाय उस्ताद. दहा चकरा काय उगं मारल्या?"

सात चाळीसला खडी चढण लागली. ट्रक तिसऱ्यात दमायला लागला. दुसरा घ्यायची वेळ झाली. मी क्लच दाबला, दांडा न्यूट्रलला आणला आणि तसाच दुसऱ्याकडे ढकलला. एकदाच क्लच. अ‍ॅम्बॅसेडरसारखा. पाय मागच्या दोन महिन्यांचंच ऐकत होता.

गिअर ओरडला. दांड्यानं हात झिडकारला. मी पुन्हा ढकलला. तोवर ट्रकचा वेग संपला. घाबरून मी दांडा जोरात दाबला, तो कुठल्या तरी गिअरमध्ये बसला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची ताकद निम्मी. मी ब्रेकवर उभा राहिलो. हँडब्रेक ओढला. चिखलात चाकं घसरायला लागली. ट्रक मागं निघाला. मागं वळण होतं, वळणाखाली दरी.

"पकड के रख," उस्ताद म्हणाले. आवाज चढवला नाही. ठोकळा घेऊन त्यांनी उडी मारली.

पुढचं मी आरशात बघितलं. त्यांनी ठोकळा चाकाखाली टाकला. तो चिखलात घसरला. ट्रक आणखी हातभर मागं गेला. त्यांनी तो उचलला, चाकाच्या बाहेरच्या बाजूनं घातला आणि बुटानं आत लोटला. बाहेरची बाजू म्हणजे दरीची बाजू. चाक ठोकळ्यावर चढलं आणि थांबलं. ट्रक थांबला. त्याच वेळी त्यांच्या पायाखालची कड सुटली. आरशात नुसता रस्ता उरला.

कॉन्व्हॉय कमांडरनं वायरलेसवर सांगितलं, "ट्रक पाच. जवान अठरा, सेफ. ड्रायव्हर सेफ. कॅज्युअल्टी एक. ओव्हर."

दोर लावून आम्ही खाली उतरलो. आठ पंचावन्नला त्यांच्यापर्यंत पोचलो. ते गेलेले होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सुभेदार साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं, "बोल देना, गिअर अपने आप निकल गया." मी तसं बोललो नाही. गिअर मी चुकलो, असंच सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. पण चकरांबद्दल कुणी विचारलं नाही. वहीत उस्तादांची सही होती. मीही सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेलो. अब्बा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसवलं. मग विचारलं, "कौनसा गिअर था?"

आजवर तेवढा एकच प्रश्न मला कुणीतरी समजून विचारला.

"तिसऱ्यातून दुसऱ्यात घेत होतो."

"डबल क्लच?"

"नाय मारला."

ते पुढं काही विचारणार नव्हते, हे मला दिसत होतं. तिथं उठून निघालो असतो तरी चाललं असतं. मी वर्कशॉपच्या मागची विडी सांगितली. दोन चकरा सांगितल्या. दहा बोललो होतो, तेही सांगितलं.

अब्बांनी गुडघ्यावरचा उजवा हात हळूच बंद केला. उघडला. मग घराच्या दाराकडं बघून म्हणाले, "मेरे को बोला, ठीक किया. उसकी माँ को नको बोलू. वो जब तक है, नको बोलू."

तेवढ्यात अम्मी चहा घेऊन आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू था ना बेटा उसके पास. परदेस में अकेला नहीं था मेरा युसुफ. अल्ला तेरे को सलामत रखे."

मी चहा घेतला. अब्बांनीही घेतला. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

दर सुट्टीला जात राहिलो, पेन्शनवर आलो तरी जात राहिलो. अम्मी दर वेळी डोक्यावरून हात फिरवायच्या. अब्बा आधी गेले. मागच्या वर्षी अम्मीही गेल्या. अब्बांचा शब्द पाळून झाला, म्हणून आता लिहिलं.

नाईक युसुफ, एम.टी. उस्ताद, राहणार औरंगाबाद. त्या सकाळी सात चाळीसला त्यांनी अठरा जवान वाचवले, आणि एक खोटारडा ड्रायव्हर.