मामांचा वाटा

माझ्या थोरल्या मामांइतका रागीट माणूस वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर मामांची गाठ पडल्यावर त्याने रागावणं सोडून दिलं असेल. तोंडवलीच्या त्यांच्या घरी दिवस उजाडायचा तोच रागाने. कोंबडा लवकर आरवला म्हणून राग, उशिरा आरवला म्हणूनही राग. एसटी वेळेवर आली की ‘आज ह्यांका कसली घाई?’ आणि उशिरा आली तर विचारायलाच नको. मिठबावच्या एका लग्नात समोरच्या पंगतीला आधी सोलकढी वाढली, तर मामा पानावरून उठून तडक घरी चालायला लागले. अर्ध्या वाटेवरून परत आले ते कशाला, तर समजूत घालायला आपल्या मागे कोणीच कसं आलं नाही, याचा जाब विचारायला. तो विचारून झाल्यावर मात्र निवांत बसून दोनदा भात घेतला. मामींशी त्यांचं बोलणं इतक्या वरच्या पट्टीत चालायचं की नवा माणूस भांडण सोडवायला धावायचा, आणि आत जाऊन बघावं तर कालवणात तिरफळं घालायची की नाही, एवढंच ठरत असायचं. मामींचाही आवाज काही कमी नव्हता.

नव्या गावी गेलं की लोक देऊळ बघतात, नातेवाइकांकडे चहा घेतात. मामा आधी बाजार गाठायचे. ‘बाजार बघल्याशिवाय गाव कळणा नाय,’ हे त्यांचं ठाम मत. हात मागे बांधून ते मासळीच्या ओळीतून फिरायला लागले की विकणाऱ्या बाया आपापल्या पाट्या सावरून बसायच्या. कणकवलीत एकीच्या पाटीसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, ‘गो बाय, ह्या माशांचा बारावा कधी घातलंस?’ ती बाई तयारीची. म्हणाली, ‘कित्याक? तुमी जेवक इलास?’ मामा असे खूष झाले की पुढे कणकवलीला कधीही गेले तरी मासळी तिच्याकडूनच घेतली. भांडायला तोडीस तोड माणूस मिळालं की त्यांचा राग निवायचा.

मामींचं पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा मी कोल्हापुरात नोकरीला होतो, म्हणून त्यांना तिथेच आणलं. ऑपरेशन नीट झालं, पण मामींची अन्नावरची वासनाच उडाली. खिचडी नको, पेज नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘त्यांना आवडेल ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ दे. अंगात ताकद आली नाही तर पुढे कठीण आहे.’ हे ऐकल्यापासून मामा सगळ्या जगावर संतापले होते. मोबाईल तेव्हा नवे होते. वॉर्डात कोणाचाही वाजला तरी तो आपल्याला चिडवायलाच वाजला, अशी त्यांची समजूत. मामी मात्र गप्प. फक्त एका संध्याकाळी हळूच म्हणाल्या, ‘बांगडो मेळलो तर बघीन खावन.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा पिशवी घेऊन तयार. आधी अंबाबाईला जाऊ म्हटलं, तर म्हणाले, ‘देवी खंय जाणा नाय. मासळी संपतली.’ कोल्हापूर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात शिरल्यापासून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वांग्यांचे ढीग बघून राग, कारण एवढी वांगी आणि तिरफळ एकाकडेही नाही. गुळाच्या ढेपांवर राग, कारण त्या फारच मोठ्या. रस्त्यात म्हैस उभी करून लोक धारोष्ण दूध पीत होते, तिथे ते थबकले. ‘तिका काय घरदार नाय?’ असं त्यांनी म्हशीच्या मालकाला विचारलं. मीही वैतागलो होतो, पण आतून बरं वाटत होतं. मामा चिडलेले होते म्हणजे मामा ठीक होते.

मासळी बाजाराच्या तोंडाशी कोकणातून आलेल्या टेम्पोचं चाक गटारात गेलं होतं. मामांनी पिशवी माझ्या हातात कोंबली आणि ते थेट टेम्पोला भिडले. ‘हां, सगळे एकदम! झोपलास काय रे?’ असं ओरडत त्यांनीच सगळ्यांना कामाला लावलं. चाक गटारातून वर आलं, पाट्या उतरल्या, आणि त्यांत बांगडे निघाले, कडक ताजे. मामांच्या चेहऱ्यावरचा राग त्या दौऱ्यात पहिल्यांदाच उतरला. पिशवी उघडून ते पाटीपाशी उभे राहिले.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. किनाऱ्यावर रापण ओढतात, म्हणजे समुद्रात सोडलेलं भलंमोठं जाळं दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून वाळूवर खेचतात. त्या दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीत वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. तो मागावा लागत नाही, आणि नाकारायची कोणाची टाप नसते. मामा थोडा वेळ थांबले. कोणी बघेना, तेव्हा त्यांनी स्वतःच दोन बांगडे उचलून पिशवीत टाकले. दोनच.

‘ए म्हाताऱ्या, चोरतोस व्हय!’ म्हणत व्यापाऱ्याने त्यांचं मनगट धरलं.

‘चोर कोणाक म्हणतंस रे मेल्या? टेंपोक हात लावलंय मी! माजो वाटो आसा तो!’

‘कसला वाटा? बापाचा माल हाय काय तुझ्या?’

भोवतीचे लोक हसले. तो हसणारा घोळका आठवला की आजही माझं डोकं फिरतं. त्यांतल्या निम्म्यांनी मामांच्या हुकमावर तोच टेम्पो ढकलला होता! मी व्यापाऱ्याच्या अंगावर धावलो, तोंडाला येईल ते बोललो, शेवटी पैसे त्याच्यापुढे फेकायला निघालो. मामांनी माझा हात अडवला. ‘वाट्याचे पैशे दिलंय तर मी चोर ठरतलंय,’ एवढंच म्हणून त्यांनी दोन्ही बांगडे पाटीत परत ठेवले. दुसऱ्याकडूनही काही घेतलं नाही. परतताना रिक्षावाल्याने सरळसरळ लांबून फिरवलं, तरी मामा गप्प. मी घाबरलो तो तेव्हा.

वॉर्डात ते स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. मामींनी भिंतीकडची मान वळवली. ‘काय झाला? ह्यांचो आवाज कित्याक नाय?’ मामा बोलेनात, म्हणून मी सगळं सांगितलं. मामी कोपरावर उठल्या.

‘चोर? ह्यांका? आमच्या रापणीर इलेल्या कुत्र्याक सुदा कोण उपाशी धाडीत नाय! खंय तो बाजार? माका उठव. बघतंय तेका!’

‘मामी, तुम्हाला उभं राहवत नाही.’

‘मगे काय आसा तां खावक दी!’

तीच ती नकोशी खिचडी मामींनी खाल्ली. प्रत्येक घासाला त्या व्यापाऱ्याच्या एकेका पिढीचा उद्धार झाला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, नर्स धावत आली. आणि ताटली निम्मी रिकामी झाली तेव्हा स्टुलावरून आवाज फुटला, ‘मीठ कोणाच्या बापाशीन घालूचा हेच्यात?’ मी बाहेर व्हरांड्यात जाऊन अक्षरशः रडलो.

मामी त्यानंतर काही वर्षं चांगल्या जगल्या. त्या गेल्यावर एकदा मी मामांना मालवणच्या बाजारात घेऊन गेलो. एका पोरगेल्या विक्रेत्याने आमच्या देखत पोटं फुटलेले, मऊ पडलेले बांगडे काढून पुढे केले. आता स्फोट होणार म्हणून मी वाट बघत राहिलो. काही झालं नाही. मग मलाच राहवेना, मी आवाज चढवला, अगदी मामांच्या पट्टीत. मामांनी माझ्या दंडाला धरलं.

‘जावंदे रे,’ ते म्हणाले. ‘आता भांडान घराक गेलंय तर सांगतलंय कोणाक?’

आणि ते मऊ बांगडे त्यांनी मुकाट्याने पिशवीत घेतले.