गळतीसरांचं हिरवं स्टिकर

गळतीसर कुठेही गेले की आधी तळवा टेकवायचे. बसची सीट असो, लग्नाच्या हॉलमधला सोफा असो, नाहीतर आमच्या भाड्याच्या फ्लॅटची भिंत असो. पाचही बोटं पसरून हात लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "वरच्यांच्या न्हाणीत पाइप गेलेला अहे," असं त्यांनी आमच्या भिंतीबद्दल सांगितलं, तेव्हा घरमालकाने ते हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांत प्लॅस्टर खाली आलं.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यात तयार झालेली प्रत्येक गाडी शेवटी एका बोगद्यातून जाते. तिथे चारी बाजूंनी तिच्यावर पाण्याचा मारा होतो. बाहेर आली की दारं उघडून आत पाणी शिरलंय का ते बघायचं. हे खातं सरांचं. ओलावा मोजायचं यंत्र कंपनीने दिलेलं होतं, ते सरांच्या खिशात झोपलेलं असायचं. "यंत्राला बॅटरी लागते, तम्बी. हाताला एक कॉफी पुरे." आम्हा पोरांना ते तम्बी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. गाडी पास झाली की काचेवर हिरवं स्टिकर, नापास झाली की लाल.

सर तंजावरी मराठी, जन्म चेन्नईतल्या मैलापूरचा. त्यांचं खरं नाव एका दमात घेता येत नसे, म्हणून महाराष्ट्रातून नोकरीला आलेल्या आम्ही चौघांनी त्यांचं नाव गळतीसर ठेवलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. त्यांच्या 'अहे'ला आम्ही हसलो की म्हणायचे, "तुमची मराठी काल आलेली अहे. आमची मुरलेली अहे."

एकदा कंपनीच्या बसमध्ये आमचा औलीला जाऊन स्कीइंग शिकायचा बेत चालला होता. पुढच्या सीटवरून सर वळले. "मीही येतो. रिटायर होण्याआधी एकदा बर्फावर उभे राहायचे अहे. पडलो तरी चालेल, पण उभे राहून पडायचे." साठीला सहा वर्षं बाकी होती आणि उटीपेक्षा जास्त थंडी माणसाने बघितली नव्हती. पण अट घातली: जॅकेट तेच ठरवणार, आणि ते ठरेपर्यंत कुणी तिकीट काढायचं नाही.

आम्ही जॅकेटचा रंग बघणारी माणसं. सरांनी महिनाभरात तो विषय पार पिंजून काढला. कापड तीन थरांचं हवं. शिवणींवर आतून पट्टी हवी, कारण "शिवण म्हणजे दार, ते उघडे ठेवून कापडाचे कौतुक काय करायचे?" टोपी हेल्मेटवरून आली पाहिजे. कमरेला आतून घेर हवा, म्हणजे आपटलो तरी बर्फ वर शिरणार नाही. खिसे उंचावर हवेत, नाहीतर पाठपिशवीचा पट्टा त्यांच्यावर बसतो. घाम बाहेर जायला काखेत चेन हवी. हे सगळं ते मे महिन्यात, शर्ट पाठीला चिकटलेल्या अवस्थेत, तळमळून सांगायचे.

मग परीक्षा सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली की सर जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून, टोपी चढवून बोगद्यात शिरायचे. दहा मिनिटं फवारे. बाहेर येऊन चेन उघडायची, पाठीकडे आतून तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे. "गळते." लाल स्टिकर. दुसरं जॅकेट, "गळते." तिसरं, चौथं, सातवं, सगळी गळकी. जगातले नामांकित कारखाने श्रीपेरुंबुदूरच्या बोगद्यात एकामागून एक नापास होत होते आणि आम्ही डबे घेऊन कडेला बसलेलो असायचो. असली करमणूक कॅन्टीनच्या टीव्हीवरही नव्हती.

घरी मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, वैतागल्या होत्या. त्यांच्या गॅलरीत पापडांच्या जागी जॅकेटं वाळत असायची. "नवे कापड मागवतात, भिजवतात, वाळवतात, परत धाडतात," त्या मला म्हणाल्या. "रविवारी ते घालून फ्रिज उघडून बसतात. माझे दही बिघडले." सर कोपऱ्यातून म्हणाले, "थंडीची सवय नको का?"

हिवाळा आला की आम्ही विचारायचो आणि सर मान हलवायचे. "जॅकेट ठरले नाही." आम्हालाही सुट्टी कुठे मिळत होती! बेत पुढच्या वर्षावर जायचा.

तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या विनयने एका नापास जॅकेटचं अस्तर सहज जिभेला लावलं. खारट! पाणी बाहेरून शिरलंच नव्हतं, तो सरांचा घाम होता. आम्ही मग मोबाइलवर वाचलं. बाहेर हवा थंड आणि कोरडी असली, तरच असलं कापड आतली वाफ बाहेर टाकतं. चेन्नईत बाहेरच आतल्याइतकी दमट हवा, बिचारं कापड वाफ ढकलणार कुठे? उभा जन्म गाड्यांची गळती शोधलेल्या माणसाला घाम येणाऱ्या वस्तूची तपासणी ठाऊकच नव्हती. आम्ही हसून हसून लोळलो आणि एकमेकांना शपथ घातली की सरांना सांगायचं नाही. सांगितलं तर खेळ बंद पडला असता. शपथ घेणाऱ्यांत मीही होतो, आणि रोज बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसत होतो.

आणखी तीन हिवाळे गेले.

शेवटच्या वर्षी सर बसच्या पायऱ्या चढताना दांडी धरू लागले. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला आणि स्कीइंगचं नावही काढू नका म्हणाले. "सरी, ठीक अहे," सर बसमध्ये म्हणाले, "बर्फ टीव्हीवर पाहू." मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी बोगद्याजवळ गाठून मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातल्या जॅकेटच्या अस्तरावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"गाडीला घाम येत नाही की," ते म्हणाले. मग, "तुला कधी कळले?"

"तीन वर्षं झाली, सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "सांगायचे होतेस, तम्बी," एवढंच म्हणाले आणि पुढची गाडी तपासायला गेले. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

निरोपाच्या दिवशी त्यांनी ते शेवटचं जॅकेट माझ्या हातात दिलं. त्याच्यावरचं लाल स्टिकर काढलेलं होतं. वरच्या खिशात एक कोरं हिरवं होतं. "तू जा. तिथे तपास आणि मग चिकटव. तपासल्याशिवाय नाही."

त्या जानेवारीत मी औलीला गेलो. पहिल्या सकाळी इतका पडलो की शिकवणारा मोजायचा थांबला. वरून ओला बर्फ पडत होता. त्यातच उभा राहून मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. ते खाटेवर होते, गुडघ्याला पट्टी होती, शेजारी मामी होत्या.

"आत हात घाल," सरांनी आधी तेच सांगितलं. "पाठीला. बोटे पसर."

मी हातमोजा काढला, हात आत घातला आणि डोळे मिटले. "कोरडं आहे, सर."

"नीट पाहिलेस?"

"नीट पाहिलं."

"मग चिकटव." मी छातीवर हिरवं स्टिकर लावलं. ते बघून त्यांनी मान हलवली. "आता मोबाइल खाली धर. बर्फ दाखव."

मी फोन बर्फाच्या अगदी जवळ धरला. तेवढ्यात माझ्या पडद्यावर अंधार झाला. फोन बंद पडला असं वाटून मी "सर, सर" करत राहिलो. मग मामींचा आवाज आला.

"कट झाला नाही, तम्बी. पडद्यावर हात टेकवून बसलेत ते."