रुसलेली मशीन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? लोक माझं कौतुक करतात, ते आता ऐकवत नाही — म्हणून.

कुडाळला माझ्या घरी परदेशी जुन्या शिलाई मशिनी आहेत — जर्मन, स्विस, इटालियन. नक्षीची टीप घालणाऱ्या. आतली चकती बदलली की कापडावर पानं उमटतात, लाटा उमटतात, एकीवर तर बदकांची रांग. पाहुणे येतात, माना डोलावतात, आणि मी शहाण्यासारखा माहिती देतो. शी!

त्यातली वेलाची टीप घालणारी जर्मन मशीन आचऱ्याच्या इंदूकाकीची. तिचा नवरा बोटीवर होता, त्याने आणलेली. तो गेला, आणि वेलाचा काठ घातलेल्या परकर-पोलक्यांवरच तिचं घर चालू लागलं. मग मशीन अडकली. तिने मला बोलावलं — मी यातला जाणकार ना!

उघडली तर काय? खाऱ्या हवेत तेल सुकून चिकट झालेलं. अर्ध्या तासाचं काम. पण ती टीप मला किती वर्षं हवी होती! मी म्हटलं, आतल्या चाकाचा दात मोडलाय, आता ही चालायची नाही.

इथवर साधं खोटं. पुढचं सांगताना स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. काकी कपाळाला हात लावून म्हणाली, "गेल्या दसऱ्याक ह्येंचा सुतक होता रे. मशिनीक फूल घालूक गावला नाय. म्हणान रुसली ती."

तसं काही नसतं, एवढं तरी म्हणता आलं असतं — नाही का? मी गंभीर तोंड केलं. म्हटलं, "तसाच आसात, काकी."

रुसलेली वस्तू घरात नको म्हणून तिने ती मला देऊन टाकली. वर मी नको-नकोही केलं! घरी आणून तेल सोडलं. संध्याकाळी कापडावर वेल उमटत होता. काकी आता कोळंबी सोलायला जाते.

मागच्या महिन्यात काकी मशीन बघायला आली. ती यायच्या आधीच मी मशिनीचा पट्टा काढून ठेवला होता — तिने चालवून बघितली तरी चालू नये म्हणून. तिने मशिनीवरून हात फिरवला आणि पुटपुटली, "माझा चुकला गो बाय." माझ्या घरात, माझ्यासमोर ती त्या लोखंडाची माफी मागत होती — आणि मी? मी तिला चहाचा आग्रह करत होतो.

ती गेल्यावर मी पट्टा परत चढवला.