सगळ्यात जुन्या कोंबडीची तंगडी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत काकू बावीस वर्षं हाडं धूत होत्या. उत्खननातून पिशव्या आल्या की मऊ ब्रश घेऊन बसायचं आणि बैल, बकरी, हरीण असे ढीग लावायचे. शिक्षण जेमतेम, पण हाडावरून नुसतं बोट फिरवून जनावर सांगायच्या. सगळे त्यांना हाडकाकू म्हणत. त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

यंदा सगळ्यात खालच्या थराच्या पिशवीत त्यांना कोंबडीच्या तंगडीचं हाड सापडलं आणि उत्खननाच्या मॅडम हरखूनच गेल्या. रानकोंबडी दाण्यांच्या आशेनं शेताशी आली आणि माणसाळली, पण ती नेमकी कधी, यावर विद्वानांची डोकेफोड चाललेली. एवढ्या जुन्या थरात कोंबडी म्हणजे सगळ्यांवर कडी! मॅडम त्या हाडाची माती घासू देईनात, चाचणीसाठी तुकडा तोडू देईनात. प्रदर्शनाचं कार्ड मात्र लगेच छापलं, 'सर्वांत जुनी कोंबडी', आणि खाली शोध लावणारी म्हणून काकूंचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलेलं. काकूंनी घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं अख्ख्या गल्लीला सांगितलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, काचपेटीत ठेवायच्या आधी, मॅडमनी शेवटी परवानगी दिली तेव्हा काकूंनी हाड हलक्या हातानं साफ केलं. माती निघाली तसे त्यावर तीन तिरके काप दिसले आणि काकूंनी ते लगेच ओळखले. मीठ मुरावं म्हणून तंगडीला हाडापर्यंत असे काप त्या स्वतः देत. उत्खननाच्या पहिल्या वर्षी खड्ड्याच्या काठावर सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. उष्टं हाड उंदरानं बिळातून खाली ओढून नेलं असणार, दुसरं काय!

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? काकू उठल्या आणि मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, ही कोंबडी मी शिजवलीय."

मॅडमनी भिंगातून बराच वेळ बघितलं, कपाळाला हात लावला आणि कार्ड काढून घेतलं.

घरी नवरा उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होता. त्या पहिल्या वर्षी तो उत्खननाची जीप चालवायचा.

"अहो, राहू द्या ती इस्त्री," म्हणत काकूंनी सगळं सांगितलं.

त्यानं जरा विचार केला. "अगं, म्हणजे ते हाड मीच चघळलेलं असेल की."

काकू पोट धरून हसल्या. हसता हसता रडू कधी फुटलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"छापून आलं होतं हो माझं नाव," त्या म्हणाल्या.

त्यानं इस्त्री बंद केली आणि शेजारी येऊन बसला.